आपद्ग्रस्त, दत्तक आणि संवाद

‘आपद्ग्रस्त’ हा तृतीया तत्पुरुष होय. त्यातील ‘ग्रस्त’ हे कर्मणी धातुसाधित असल्यामुळे ज्या माणसाविषयी बोलावयाचे, तो कर्ता न राहता कर्म ठरतो. उलट ‘स्वयंसेवक’ या शब्दात कर्तृत्वावर ‘स्वयम्’ची मुद्राच उमटलेली आहे. मदतकार्याची भाषा असे दोन पक्ष पाडते, आणि पुष्कळदा व्यवहारही तिच्या मागोमाग जातो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात झालेल्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांत सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, ही घराची रचनाच तेथे घातक ठरली. स्वयंसेवकांची रीघ लागली. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पुढे संस्थांनी गावे ‘दत्तक’ घेतली. आता दत्तक जाते ते मूल, आणि मुलाचे मत विचारण्याची चाल आपल्याकडे नाही! ५२ गावांचे स्थलांतर झाले. अनेक नव्या वसाहतींत नगररचनेच्या धर्तीवर सरळ रस्ते आखले गेले. गोठा, अंगण, भाऊबंदांचा शेजार यांस आराखड्यात जागा बेताचीच उरली.

जी गावे हलविली नाहीत, तेथील घरांच्या दुरुस्तीचा व बळकटीकरणाचा कार्यक्रम मात्र निराळ्या पायावर उभा राहिला. अनुदान हप्त्यांनी घरमालकाच्या हाती दिले जाई व काम त्यानेच करवून घ्यावयाचे असे. या कामी ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावच्या महिला मंडळांतील स्त्रिया ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमण्यात आल्या. हे नामाभिधान विचारपूर्वक पाहण्याजोगे आहे: त्यात ना सेवा आहे, ना ग्रासलेपण. माळवदाचा भार का उतरवावयाचा, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड कोठे घालावयाचे, हप्ता कशाअभावी अडला, हे अभियंत्याच्या परिभाषेतून घरच्या बोलीत आणणे आणि घरची अडचण उलट दिशेने कचेरीत पोचविणे, हे त्यांचे काम. भूकंपाची झळ लागलेल्या गावांतल्याच त्या असल्यामुळे साहाय्य करणारा आणि घेणारा हा भेद तेथे पुसट झाला. बाहेरच्या स्वयंसेवकास, त्याचे मराठी कितीही शुद्ध असो, हे क्वचितच साधते.

२६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूर भागातील यांपैकी काही स्त्रिया तेथे गेल्या. त्यांची बोली मराठवाड्याची, ऐकणाऱ्यांची कच्छी वा गुजराती. तरीही बोलणे घराचेच होते, आणि पडलेले घर पुन्हा कसे उभे करावयाचे हे सांगणाऱ्यांनी ते आपल्या गावी केलेले होते.