ठेचलेली काकडी आणि थरथरणारे ओठ

चिनी जेवणाची सुरुवात पुष्कळदा थंड पदार्थांनी होते. गरमागरम पदार्थ यायच्या आधी टेबलावर लहान लहान बशा मांडतात आणि त्यांत ठेचलेल्या काकडीची बशी अनेकदा असते. हो, ठेचलेलीच. रुंद पात्याचा सुरा आडवा करून काकडीवर ठेवायचा आणि वरून तळहाताने दणका द्यायचा. काकडी तडकली की तिचे घासाएवढे तुकडे करायचे. आपल्या ओट्यावर हे काम लाटण्याने झकास होते.

एवढा आडदांडपणा कशासाठी? सुरीने कापलेली चकती गुळगुळीत असते, तिच्यावरून मसाला घसरून बशीच्या तळाशी जातो. फाटलेल्या तुकड्याच्या खडबडीत कडांत तो अडकून बसतो. शिवाय ज्याला आपण काकडीचा ताजा वास म्हणतो, तो अख्ख्या काकडीत जवळजवळ नसतोच! पेशी फुटल्या की आतली विकरे मेदाम्लांवर काम करू लागतात आणि काही क्षणांत तो वास जन्माला येतो. लसणाचेही तसेच. अख्खी पाकळी बिचारी गरीब. ठेचली की ॲलिनेज नावाचे विकर ॲलिनला भिडते आणि झोंबणारे ॲलिसिन तयार होते. म्हणजे या पदार्थात चुलीआधीच बरीच रसायने शिजलेली असतात.

काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी. खमंग काकडी आपण चोचवतो ती पाणी कमी सुटावे म्हणून. इथे उलट मुद्दाम पाणी काढायचे. दोन काकड्यांना अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटे चाळणीत ठेवा आणि निथळू द्या. मग दोन पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन चमचे सोया सॉस, दोन चमचे व्हिनेगर, चमचाभर साखर. चिकट तांदळापासून केलेले च्यांगसू प्रांतातले काळे व्हिनेगर मिळाले तर उत्तम. तिळाचे तेल मात्र भाजलेल्या तिळांचे, गडद रंगाचे हवे. आपले नेहमीचे फिकट तेल तो वास देत नाही.

आता तिखट तेल. आपल्या फोडणीत मसाला तेलात पडतो, इथे तेल मसाल्यावर पडते. वाटीत जाडसर लाल तिखट घ्यायचे, तेल चांगले तापवून किंचित निवू द्यायचे आणि वर ओतायचे. मिरचीतले कॅप्सायसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात खुशाल विरघळते. ते जिभेवरच्या ज्या ग्राहकाला चेतवते, तो एरवी सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता ओळखतो. तिखट ही चव नव्हे, भाजल्याचा भास आहे! हा ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले.

पण खरी जादू सिच्वान मिरीची. ती मिरी नव्हेच, लिंबाच्या कुळातल्या झुडपाच्या फळाचे टरफल आहे. आतले काळे बी कचकचीत, ते टाकून द्यायचे. टरफल कोरडे भाजून, कुटून वर भुरभुरले की ओठांना मुंग्या येतात. २०१३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या ओठांना ही मिरी लावली आणि बोटाला यंत्राने कंप देऊन दोन्ही जाणिवा जुळवायला सांगितल्या. उत्तर आले सुमारे ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास कंप. (आपल्या घरातली वीजही ५० हर्ट्झचीच, हा निव्वळ योगायोग.) ओठ प्रत्यक्षात हलत नसतात. मिरीतले सॅनशूल स्पर्श ओळखणाऱ्या चेतातंतूंना डिवचते आणि मेंदूला वाटते, ओठ थरथरताहेत. जे आपण जिभेचे काम समजतो, ते इथे त्वचेच्या खात्यात जाते. मला तर हे मिरचीच्या भासापेक्षाही अजब वाटते.

ही झिणझिणी कोकण-गोव्याला नवी नाही. बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ सिच्वान मिरीच्याच प्रजातीतले, झँथोझायलमचे. त्याचेही बी काढून टाकतात. सिच्वान मिरी मिळाली नाही तर दोन-तीन तिरफळांची टरफले कुटून वापरा. वास वेगळा येईल, पण ओठ थरथरतील. तेल आणि मिरी अगदी वाढताना घाला, कारण मीठ पाहिले की काकडी पुन्हा पाणी सोडू लागते आणि मसाला पातळ होतो.