दुधाचं कडं

यॉर्कशायर टेरियरचं एक पिल्लू. भावंडांमध्ये सगळ्यात किरकोळ. पोटभर जेवतं आणि थोड्या वेळानं झिंगल्यासारखं डुलू लागतं, गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकून उभं राहतं. जेवणाची कुणाला नशा चढते का?

याला चढते! आतड्यांतलं रक्त एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात जातं. प्रथिनं पचताना तयार झालेला अमोनिया या नाक्यावर अडतो, त्याचा युरिया होतो आणि तो लघवीवाटे निघून जातो. या पिल्लाच्या पोटात मात्र जन्मापासून एक आडवाट आहे. जकात चुकवणाऱ्या ट्रकसारखं रक्त नाका टाळून हृदयाकडे सटकतं आणि अमोनिया मेंदूत पोचतो. डॉक्टर या आडवाटेला म्हणतात पोर्टोसिस्टिमिक शंट.

गंमत म्हणजे गर्भात यकृताला वळसा घालणारी वाट प्रत्येक पिल्लाला असते. तिथे सफाईचं काम आईकडे! जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. आयरिश वुल्फहाउंडसारख्या थोराड कुत्र्यांत कधी कधी ती उघडीच राहते. छोट्या जातींत बहुधा यकृताबाहेरच भलतीकडे शीर जोडलेली असते.

1877 साली निकोलाय एक (हो, आडनावच ‘एक’) या रशियन शल्यवैद्यानं अशी वाट कुत्र्यांत मुद्दाम शिवली होती. 1893 मध्ये पावलॉव, तेच लाळेच्या प्रयोगांचे, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं की अशी कुत्री मांस खाल्लं की बिथरतात.

मग शीर सरळ बांधून का टाकू नये? कारण रक्ताविना यकृत खुरटलेलं असतं. सगळा लोंढा एकदम तिकडे वळवला, तर दाब वाढून पिल्लू दगावू शकतं. वाट बंद व्हायला हवी, पण हळूहळू, काही आठवड्यांत. पोट शिवल्यावर आत रोज कोण पेच आवळणार?

दूध आवळतं! दुधातलं केसिन हे प्रथिन घट्ट दाबून त्याचं कडं करतात आणि त्याला बाहेरून स्टीलची कड लावतात. शिरेभोवती ते बसवलं की अंगातलं पाणी पिऊन फुगतं, पावसाळ्यात लाकडी दार फुगतं तसं. बाहेर स्टील, म्हणून फुगायचं ते आतच. भोवती शरीरही व्रणाचं जाळं विणतं आणि वाट बुजत जाते. ज्या प्रथिनांनी पिल्लू बिथरत होतं, त्यांच्यातलंच एक इथे पहारेकरी!

वुल्फहाउंडची वाट यकृताच्या आत. तिथे कड्याऐवजी मानेच्या शिरेतून बारीक नळी सरकवून तारेची वेटोळी सोडतात. त्यांवर रक्त गोठून वाट अरुंद होते.

आणि खुरटलेलं यकृत? हक्काचं रक्त मिळू लागताच ते वाढायला लागतं.