दिलेला वेळ आणि घेतलेला वेळ

एरंडोलच्या शेजारचे धरणगाव आज वेगळा तालुका असले, तरी पूर्वी ते एरंडोल तालुक्यातच मोडत होते. १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण लेफ्टनंटने खानदेशातली भिल्ल पलटण उभारली आणि तिचे ठाणे याच धरणगावात ठेवले. डोंगरात तीरकमठ्यावर वाढलेली माणसे कवायतीच्या मैदानात आली. त्या काळची लष्करी बंदूक चकमकीची. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, चिमूटभर दारू कानात टाकायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी, मग गज काढून ठासायचे, गज जागेवर ठेवायचा, घोडा ओढायचा आणि मगच बार काढायचा. कसलेल्या शिपायाचे मिनिटाला तीन बार निघत. तेवढ्या वेळात तीरकमठेवाल्याचे किती बाण सुटले असते, याचा हिशेब खानदेशात कोणालाही करता आला असता.

नेमबाजीत वेळ मोजायची सुरुवात अशी मिनिटाला किती बार, या हिशेबाने झाली. ठरलेला वेळ द्यायचा आणि त्यात किती काम होते ते पाहायचे. मागून भरायची मॅगझिन रायफल आली तरी हिशेब बदलला नाही, आकडा तेवढा वाढला. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश फौजेतल्या पायदळ शिपायाला ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर एका मिनिटात १५ फैरी झाडाव्या लागत. ‘मॅड मिनिट’ या नावाने ही परीक्षा गाजली.

ऑलिंपिकच्या रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात मिनिटाचे सेकंद झाले. शेजारी शेजारी पाच लक्ष्ये, प्रत्येकावर एकच गोळी आणि पाचांसाठी मिळून आधी ८ सेकंद, मग ६, शेवटी ४. हंगेरीच्या कारोली ताकाचची गोष्ट या प्रकारातली सगळ्यांत प्रसिद्ध. १९३८ साली लष्करी सरावात हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात गेला. त्याने डाव्या हाताने नेम धरायला शिकून १९४८ ला लंडनमध्ये आणि १९५२ ला हेलसिंकीत सुवर्णपदक घेतले. भारताला या प्रकारातले ऑलिंपिक पदक मिळाले ते २०१२ साली, पुन्हा लंडनमध्येच. फौजेतल्या विजय कुमारने रौप्य मिळवले.

या स्पर्धांत नेमबाजाला घड्याळ बाळगायची गरजच नव्हती. लक्ष्याचा पुठ्ठा यंत्राने वळून समोर यायचा आणि वेळ संपली की पुन्हा आडवा व्हायचा. पुढे पुठ्ठ्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये आणि लाल-हिरवे दिवे आले. तरीही वेळ दुसऱ्यानेच दिलेला होता.

हे गणित उलटे झाले १९७६ साली. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात कोलंबिया या गावी जेफ कूपर आणि त्याच्या मंडळींनी आयपीएससी, म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. इथे वेळेची मुदत नव्हती. नेमबाजाने पळावे, आडोशामागून वाकून बार काढावा, मॅगझिन बदलावे, आणि शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागावे. १० सेकंदांत ५० गुण मिळाले तर भागाकार ५ येतो. साडेसात सेकंदांत ४५ मिळाले तर ६. पाच गुण कमी मिळवूनही दुसरा गडी पुढे.

मग प्रश्न आला तो घड्याळाचा. स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहिलेल्या पंचाला शेवटची गोळी कोणती, हे ती सुटून गेल्यावरच कळणार. वर आवाज ऐकून बोट दाबेपर्यंत सेकंदाचा काही भाग निसटतोच आणि दर वेळी तेवढाच निसटेल याची खात्री नाही. गुणांना सेकंदांनीच भागायचे म्हटल्यावर ही चूक थेट निकालात उतरायची. शॉट टाइमरने ती अडचण सोडवली. तळहाताएवढ्या डबीत एक बीपर आणि एक मायक्रोफोन. बीप वाजला की घड्याळ सुरू होते आणि प्रत्येक बाराच्या आवाजाची वेळ शतांश सेकंदात नोंदली जाते. शेवटचा बार कोणता हे कोणी ओळखायला नको, नोंदीतला शेवटचा आकडा तोच.

स्पर्धेसाठी आलेले हे यंत्र सरावात जास्त बोलके ठरले. पिस्तूल उचलून पहिला बार काढायला किती वेळ लागला, दोन बारांमध्ये किती गेला, मॅगझिन बदलताना किती सांडला, हे सगळे सुटे सुटे दिसू लागले. दोन बारांमधल्या वेळेला नेमबाज ‘स्प्लिट’ म्हणतात. आपण भलतेच चपळ आहोत, हा गैरसमज त्या पडद्यावर चार आकड्यांत उतरतो.

महाराष्ट्राची पिस्तुलातली कमाई मात्र ‘दिलेल्या’ वेळेतलीच. १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मुंबईचे अशोक पंडित सेंटर फायर पिस्तुलात सुवर्णपदक घेऊन आले. २०१० ला दिल्लीत पुण्याची अनिसा सय्यद आणि कोल्हापूरची राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तुलाच्या जोडीत सुवर्ण घेतले, वैयक्तिक सुवर्णही अनिसाचेच. २०१४ ला ग्लासगोत क्रम फिरला: राहीला सुवर्ण, अनिसाला रौप्य. मधल्या काळात, २०१३ साली, राहीने चांगवॉनच्या विश्वचषकातही सुवर्ण पटकावले होते.

२५ मीटर पिस्तुलातला रॅपिडचा टप्पा असा: हात ४५ अंशांत खाली, लाल दिवा ७ सेकंद. हिरवा लागला की हात उचलायचा, नेम जुळवायचा आणि एकच गोळी सोडायची, सगळे ३ सेकंदांत. पुन्हा हात खाली, पुन्हा ७ सेकंद. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेंबांगच्या रेंजवर राही आणि थायलंडची नफासवान यांगपैबून यांचे गुण ३४ वर बरोबरीत राहिले. शूटऑफच्या पहिल्या पाच गोळ्यांत दोघींचे चार-चार नेम लागले. दुसऱ्या पाचांत राहीचे तीन, थाई मुलीचे दोन. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणारी राही पहिली भारतीय महिला ठरली. तिला तेव्हा घडवत होती मुंखबयार दोर्जसुरेन, १९९२ ला मंगोलियाकडून आणि २००८ ला जर्मनीकडून याच प्रकारात ऑलिंपिक कांस्य मिळवलेली. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरचे पदक याच प्रकारात शूटऑफमध्ये हुकले आणि ती चौथी आली.

आज एरंडोल-जळगावकडच्या एखाद्या मुलाने नेमबाजी मनावर घेतली, तर टाइमर कोणता घ्यावा, याचे उत्तर या मागोव्यातच सापडते. आपल्याकडे ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळत नाही. त्यामुळे परदेशात रुळले तसे प्रॅक्टिकल शूटिंग इथे फारसे नाही, सराव होतो तो एअर पिस्तूल आणि पॉइंट टू-टूचा. दहा मीटर एअर पिस्तुलात ६० गोळ्यांना ७५ मिनिटे असतात, तिथे साधे घड्याळ पुरते. शिवाय एअर पिस्तुलाचा आवाज इतका बारीक, की मायक्रोफोनची संवेदनशीलता वाढवल्याशिवाय टाइमर तो पकडत नाही. वाढवली, तर बंदिस्त रेंजवर भिंतीवरून परतलेला आवाज आणि शेजारच्या लेनमधला बारही आपल्या नावावर चढतो. संवेदनशीलता कमी-जास्त करता येते का, हे म्हणूनच विकत घेताना आधी पाहावे.

प्रॅक्टिकलच्या सरावात बीप कधी वाजेल हे कळू नये म्हणून टाइमर मधला वेळ मुद्दाम कमी-जास्त ठेवतो. २५ मीटरवाल्याला ते नको असते. त्याला ठरलेले ७ आणि ठरलेले ३ सेकंद लागतात, तेही न चुकता पुन्हा पुन्हा. घरी रिकाम्या पिस्तुलावर सराव करताना मायक्रोफोनचा फारसा उपयोगच नाही, तिथे कामाला येतो तो ‘पार टाइम’: एक इशारा सुरुवातीचा, दुसरा मुदत संपल्याचा. आणि रेंजवर त्याला इशारा मिळतो तो दिव्याचा. रोज बीप ऐकून हात उचलणाऱ्याचा कान तयार होतो, डोळा मात्र मागे राहतो. म्हणून २५ मीटरसाठी घ्यायचा टाइमर ७ आणि ३ सेकंदांचे चक्र आपोआप फिरवणारा असावा, आणि बीपऐवजी दिव्याने इशारा देणारा मिळाला तर पैसे त्यावरच घालावेत.