कॉम्प्युटर मासिकं का बंद पडली?

1990च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ‘कॉम्प्युटर शॉपर’चा अंक मोठ्या आकाराचा आणि कधीकधी 800 पानांच्याही पुढे असायचा. त्यात बहुतेक जाहिराती. गंमत म्हणजे लोक तो घ्यायचेच जाहिरातींसाठी! हार्ड डिस्क, मॉडेम कुठे स्वस्त आहे ते पाहायचं आणि फोनवर ऑर्डर द्यायची.

वेबने हेच मोडलं. अंक हातात पडेपर्यंत छापलेल्या किमती जुन्या व्हायच्या. वेबसाइटवर त्या रोज बदलता यायच्या. जाहिरातदार तिकडे गेले. वाचकांनी पाठ फिरवली म्हणून मासिकं बुडाली, हे अर्धंच खरं. ‘पीसी मॅगझिन’ स्वतःच्या प्रयोगशाळेत डझनावारी प्रिंटर तपासायचं. असा खर्च वर्गणीतून कसा निघणार?

‘बाइट’ 1998मध्ये थांबलं. 2009मध्ये ‘पीसी मॅगझिन’ आणि ‘कॉम्प्युटर शॉपर’ची छपाई थांबली. ‘मॅक्सिमम पीसी’ मात्र 2023पर्यंत छापलं जात होतं.

भारतात मासिकांना सीडीचा आधार होता. डायल-अपवर शेकडो एमबी उतरवणार कोण? त्यामुळे ‘पीसी क्वेस्ट’सोबत येणारी लिनक्सची सीडी अनेकांनी जपून ठेवली. ब्रॉडबँड आलं आणि सीडीसाठी अंक घ्यायची गरजही संपली.