जिवाणू खताच्या पाकिटात जिवंत किती?

सभासद बंधूंनो, लागणीचे दिवस आले की गटागटांतून एक तक्रार हमखास कानी येते, "साहेब, जिवाणू खत वापरलं, पण फरक काही दिसला नाही." याला कारणे अनेक असतात. त्यातले एक मोठे कारण म्हणजे बेण्याला लागण्याआधीच मेलेले जिवाणू. उसात नत्र स्थिर करणारा अॅसिटोबॅक्टर १९८८ साली ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजेडात आणला. पण तो जिवंत असेल तरच काम करणार! त्याच्या भरवशावर युरिया कमी केला आणि पाकीट मेलेले निघाले, तर पैसा जातोच, वर ऊसही उपाशी राहतो.

मग प्रयोगशाळेत जिवंत-मेलेले ओळखतात कसे? आसवनीतल्या यीस्टची पेशी मोठी असते. बारीक चौकोन आखलेल्या काचपट्टीवर थेंब ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजता येते. थेंबात मिथिलीन ब्लू मिसळले की मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत बिनरंगी राहतात. काही मिनिटांत हिशेब मिळतो.

जिवाणू मात्र यीस्टपेक्षा कितीतरी लहान, त्यात लिग्नाइटच्या काळ्या भुकटीत मिसळलेला. तिथे दुसरी रीत लागते. १ ग्रॅम खत ९ मिलि निर्जंतुक पाण्यात ढवळतात. त्यातले १ मिलि पुढच्या नळीतल्या ९ मिलि पाण्यात, अशा पाच नळ्या केल्या की खत १ लाख पट पातळ होते. पाचव्या नळीतले ०.१ मिलि जिवाणूंचे खाद्य असलेल्या बशीवर पसरून ती काही दिवस उबेत ठेवतात. जिवंत जिवाणू वाढून डोळ्यांना दिसेल असा ठिपका होतो. मेलेल्याचा होत नाही. समजा ६० ठिपके आले. ६० गुणिले १०, गुणिले १ लाख, म्हणजे ग्रॅमला ६ कोटी जिवंत जिवाणू. ठिपके ३० ते ३०० असले तर मोजणी भरवशाची मानतात.

जिवाणू खते २००६ साली खत नियंत्रण आदेशाखाली आली. अॅझोटोबॅक्टरसारख्या खताच्या भुकटीत ग्रॅमला किमान ५ कोटी, तर द्रवरूपात मिलिलिटरला १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. म्हणजे वरचे पाकीट पास!

पण पास झालेले पाकीटही पत्र्याच्या शेडात किंवा गाडीच्या डिकीत तापले तर निकामी होते. म्हणून आमचे सांगणे एवढेच :

१) अंतिम तारीख पाहूनच पाकीट घ्यावे.
२) थंड सावलीत, रासायनिक खते व औषधांपासून दूर ठेवावे.
३) बेण्याला बुरशीनाशकाची प्रक्रिया आधी, जिवाणूंची नंतर करावी. दोन्ही एकाच द्रावणात कधीही कालवू नयेत.
४) प्रक्रिया केलेल्या टिपऱ्या उन्हात न ठेवता लगेच लावाव्यात.

जिवाणू मेला की पाकिटावरून कळत नाही; रंग तोच, वास तोच. तेव्हा शंका असल्यास पाकीट न फोडता गट ऑफिसला आणून दाखवावे, ही विनंती.