ट्रेंटनचा कायदा आणि आपल्या खिशातले विमा कार्ड



न्यू जर्सीच्या विधिमंडळाचे कामकाज ट्रेंटनला जाऊन पाहिलेत, तर एकाच दिवशी दोन अगदी वेगळी दृश्ये दिसू शकतात. आधी आयुष्यभर सेवा करून निवृत्त होणाऱ्या एखाद्या डॉक्टरांचा किंवा नर्सचा गौरव होतो. ठराव वाचला जातो, दोन्ही पक्षांचे सभासद टाळ्या वाजवतात, घरच्यांसोबत फोटो निघतात. नंतर आरोग्य विम्याचे विधेयक चर्चेला आले, की हीच मंडळी एकमेकांवर तुटून पडतात!

त्यात नवल नाही. गौरवाच्या ठरावाने कोणाच्या खिशाला चाट बसत नाही. विम्याच्या कायद्याने मात्र कोणता उपचार विम्यात बसवायचा आणि त्यापायी वाढणारा हप्ता कोणी सोसायचा, हे ठरते. सिनेटच्या ४० पैकी २१ आणि असेंब्लीच्या ८० पैकी ४१ मते मिळाली आणि गव्हर्नरांनी सही केली, की कायदा झाला. पण तो आपल्या विम्याला लागू होईलच असे नाही! का, ते आज पाहू.

कार्ड एकच, मागची व्यवस्था वेगळी

अमेरिकेत विमा कंपन्यांवर देखरेख ठेवण्याचे काम मुख्यतः राज्यांचे आहे. १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते पक्के केले. पण १९७४ मध्ये वॉशिंग्टनने 'एरिसा' नावाचा कायदा केला. नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक खाजगी योजना त्याखाली येतात. त्यात आरोग्य विम्याचे दोन प्रकार पडतात.

पहिला 'फुल्ली इन्शुअर्ड'. यात आपली कंपनी विमा कंपनीकडून पॉलिसी विकत घेते आणि उपचारांचे पैसे विमा कंपनी देते. इथे राज्याचे कायदे चालतात.

दुसरा 'सेल्फ-फंडेड'. यात उपचारांचे पैसे आपली कंपनीच स्वतःच्या तिजोरीतून देते. विमा कंपनी फक्त कागदपत्रे सांभाळते आणि बिले चुकती करते. एरिसानुसार अशा योजनेला राज्य 'विमा' मानू शकत नाही, त्यामुळे राज्याचे विमा कायदे तिला लागू होत नाहीत.

आमच्या आयटीच्या भाषेत सांगायचे तर स्क्रीन तीच, मागचा सर्व्हर वेगळा. दोन्ही प्रकारांत कार्डावर त्याच नामवंत विमा कंपनीचे नाव असते, म्हणून फरक लक्षातच येत नाही. नोकरीतून विमा घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आज सेल्फ-फंडेड योजनेत आहेत. मोठ्या कंपन्यांत तर हे प्रमाण फारच जास्त आहे.

फरक कुठे पडतो?

मुले २६ वर्षांची झाली की: २०१० च्या फेडरल कायद्यामुळे मुलांना २६ व्या वाढदिवसापर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहता येते. हे दोन्ही प्रकारांना लागू आहे. न्यू जर्सीने त्याही आधी ही सोय ३१ व्या वाढदिवसापर्यंत दिली. मूल अविवाहित हवे, त्याला स्वतःची मुले नसावीत, ते राज्याचे रहिवासी किंवा पूर्णवेळ विद्यार्थी हवे, आणि हप्ता वेगळा भरावा लागतो. पण योजना सेल्फ-फंडेड असेल, तर या कायद्याचा आधार घेता येत नाही.

ऑटिझमचे उपचार: २००९ च्या राज्य कायद्याने ऑटिझमसाठीच्या थेरपी विम्यात आणल्या. सेल्फ-फंडेड योजनेवर ते बंधन नाही. कंपनीने स्वतःहून दिले तर मिळते.

अनपेक्षित बिले: २०१८ मध्ये न्यू जर्सीने नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांच्या अचानक येणाऱ्या बिलांवर कायदा केला. त्यात सामील व्हायचे की नाही, हे सेल्फ-फंडेड योजनांवर सोडले होते. १ जानेवारी २०२२ पासून 'नो सरप्रायझेस' हा फेडरल कायदा आला, तेव्हा कुठे दोन्हींना संरक्षण मिळाले.

मग काय करावे?

एचआरला एकच प्रश्न विचारा: "आपली योजना सेल्फ-फंडेड आहे की फुल्ली इन्शुअर्ड?" सोबत 'समरी प्लॅन डिस्क्रिप्शन' मागा. ते मिळणे हा एरिसाने दिलेला हक्क आहे. कंपनीचे मुख्य ऑफिस दुसऱ्या राज्यात असेल, तर पॉलिसी कोणत्या राज्यात काढली आहे तेही विचारा. तिथले नियम लागू असू शकतात. कन्सल्टिंगमध्ये असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

क्लेम नाकारला गेला तर आधी योजनेकडेच अपील करा, मुदत चुकवू नका. तक्रार फुल्ली इन्शुअर्ड योजनेबद्दल असेल तर राज्याच्या बँकिंग आणि विमा खात्याकडे, सेल्फ-फंडेड असेल तर फेडरल कामगार खात्याकडे जायचे. चुकीच्या दारात उभे राहिले, की मोलाचे आठवडे वाया जातात.

आणि ज्यांची मुले यंदा २६ ची होणार आहेत, त्यांनी वाढदिवसाचा केक आणण्याआधी ही चौकशी करावी. ३१ पर्यंतची सोय नसेल, तर मुलाच्या स्वतःच्या नोकरीतला विमा, कोब्रा किंवा राज्याचे 'गेट कव्हर्ड एनजे' हे मार्ग आहेत, पण प्रत्येकाला मुदत असते. शिवाय २०१९ पासून न्यू जर्सीत विमा नसल्यास, सवलतीत बसत नसाल तर, राज्याच्या टॅक्समध्ये दंड भरावा लागतो.

तेव्हा मंडळी, ट्रेंटनहून नव्या कायद्याची बातमी आली की टाळ्या जरूर वाजवा. पण त्याआधी खिशातल्या कार्डामागे नक्की कोण उभे आहे, तेवढे बघून घ्या!