गिरणीच्या जमिनीचा हिशेब

मुंबईच्या कापड गिरण्या कशाने संपल्या, असे विचारले की उत्तर ठरलेले असते: 1982 च्या संपाने. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या संपात साठेक गिरण्यांमधले सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मागणी बोनसची आणि पगारवाढीची होती. तिच्याइतकाच राग राष्ट्रीय मिल मजदूर संघावर होता. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क याच एका संघटनेकडे होता आणि कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि लाखभर कामगार कायमचे गेटबाहेर राहिले. गिरण्या त्या वर्षी का थांबल्या, हे यावरून कळते. पण त्या पुढे बंदच का राहिल्या आणि त्यांच्या जागी जे उभे राहिले त्यातून कोणाच्या पदरात काय पडले, हे संपाच्या कहाणीत सापडत नाही. त्यासाठी जमिनीचा हिशेब मांडावा लागतो.

धंदा आधीच आजारी होता, हे मान्य केले पाहिजे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग कमी मजुरीत, कमी करात कापड काढत होते आणि मोठ्या गिरण्यांचा बाजारातला वाटा सतत घटत होता. अनेक मालकांनी बरकतीच्या काळातला नफा नवीन यंत्रांत घालण्याऐवजी दुसऱ्या उद्योगांत वळवला होता, त्यामुळे जुन्याच साच्यांवर पाळ्या चालत राहिल्या. तोट्यातला धंदा बंद करणे हा काही गुन्हा नव्हे. मात्र या धंद्याच्या पोटात परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यातली सुमारे सहाशे एकर जमीन होती. शहर उत्तरेकडे वाढत गेले आणि एके काळी गावाबाहेरची असलेली ही जमीन शहराच्या मध्यावर आली. तिचा भाव कापडाच्या नफ्याला मागे टाकून गेला, तशी मालकाची गणितेच उलटी झाली. गिरणी सुधारण्यात हित उरले नाही. ती आजारी ठरणे, रेंगाळणे आणि शेवटी जागा मोकळी होणे, यातच हित दिसू लागले. धंद्याच्या धोरणातला नैतिक प्रश्न इथून सुरू होतो.

सरकारला हा धोका 1991 मध्ये दिसला होता. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीतला 58 वा नियम खास गिरण्यांच्या जमिनींसाठी होता. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी होती. दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मालकाला विकास हक्क मिळणार होते. आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून आधी कामगारांची देणी आणि गिरणीचे आधुनिकीकरण, अशी अटही होती. 1996 मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने तर या जमिनी सुट्या सुट्या न पाहता एकत्र आखाव्यात, म्हणजे पट्ट्याला सलग उद्याने आणि रस्ते मिळतील, असे सुचवले. ती सूचना कागदावरच राहिली.

2001 मध्ये नियम बदलला. बदल दिसायला छोटा होता: वाटणी आता सगळ्या जमिनीची होणार नव्हती, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची होणार होती. पंधरा एकरांची एक गिरणी धरा. तिच्या बारा एकरांवर शेड, गोदामे, चिमणी. तीन एकर मोकळे. जुन्या नियमाने शहराला पाच, घरांना पाच आणि मालकाला पाच एकर मिळाले असते. नव्या नियमाने फक्त त्या तीन एकरांचे तीन भाग. शहराला एक, घरांना एक, आणि शेड पाडून मोकळी होणारी सारी जमीन धरून मालकाला तेरा. गिरण्यांची बहुतेक जमीन बांधकामाखालीच होती, त्यामुळे एका व्याख्येने शहराचा वाटा जवळजवळ पुसला गेला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी, असा निकाल दिला. मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 चा नियम कायम ठेवला.

इथे पहिला आक्षेप येतो: न्यायालयाने वैध ठरवलेल्या गोष्टीवर पुन्हा वाद कशाला, आणि खासगी मालकीच्या जमिनीत शहराचा वाटा तरी का? न्यायालयाने पाहिले ते सरकारला असा नियम करण्याचा अधिकार होता की नाही. नियम न्याय्य होता का, हा प्रश्न त्याने संपत नाही. मालकीचे म्हणाल तर काही जमिनी सरकारच्या किंवा पालिकेच्या भाडेपट्ट्यावरच्या होत्या. ज्या पूर्ण खासगी होत्या, त्यांचाही भाव मालकाच्या कष्टाने वाढलेला नव्हता. सार्वजनिक पैशातून झालेली रेल्वे, रस्ते, पाणी आणि कारखान्याच्या जागी कार्यालये बांधायची सरकारी परवानगी, यांनी तो वाढवला. मुंबई टेक्स्टाइल मिलची सुमारे 17 एकर जागा पाहा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ती 2005 मध्ये डीएलएफला 702 कोटी रुपयांना विकली. 2012 मध्ये तीच जागा लोढा समूहाने सुमारे 2,700 कोटींना घेतली. सात वर्षांत जवळजवळ चौपट, आणि या काळात त्या जमिनीवर कापडाचा एक तागाही निघालेला नव्हता. ही वाढ शहराने घडवली, म्हणून तिच्यात वाटा मागणे ही शहराची भीक नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. 1991 चा नियम इतका कडक होता की फारसे कोणी पुढे आले नाही, जमिनी अडकून पडल्या आणि कामगारांची देणीही; नियम सैल केल्यावरच पैसा फिरला, असे सांगितले जाते. अडचण खरी होती. पण अडलेली वाट मोकळी करायला वाढीव विकास हक्क देता आले असते, टप्पे पाडता आले असते, कोरिया समितीप्रमाणे एकत्र आराखडा करता आला असता. यांतले काही न करता वाटाच काढून घेणे म्हणजे वाटाघाटीत एका बाजूने सगळे सोडून देणे होय. शिवाय मालकांनी थांबणे हाही डावच होता: नियम बदलेल अशी आशा असेल तर आज कोण जमीन देईल?

नव्या कार्यालयांनी रोजगार दिला, हे तिसरे म्हणणे. दिला, आणि तो आकड्यात मोठाही आहे. मात्र साच्यावर वीस वर्षे काढलेल्या पन्नाशीच्या माणसाला काचेच्या इमारतीत मिळाले ते फार तर रखवालदाराचे काम. आणि त्या रोजगाराचे ओझे ज्या सोयींवर पडले, त्यांच्यासाठी जमीनच राखली गेली नव्हती. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. पूल रुंद करणे ही रेल्वेची जबाबदारी होती. पण हजारो नव्या नोकऱ्या जिथे आणल्या तिथे माणसांनी ये-जा कशी करायची, याचे नियोजन जमिनीच्या वाटणीच्या वेळीच व्हायला हवे होते.

कामगारांच्या वाट्याला काय आले, तेही मोजता येते. गिरणी कामगारांचे नेते दत्ता इस्वलकर यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या लढ्यानंतर म्हाडाच्या वाट्याच्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरे देण्याचे ठरले आणि 2012 मध्ये 6,925 घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात होते, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत दिली गेलेली घरे पंधरा हजारांच्या आसपास. बाकीच्यांसाठी सरकारने मुंबईबाहेरच्या शेलू आणि वांगणीकडे बोट दाखवले, तेव्हा कामगार संघटनांनी विरोध केला: घर मुंबईतच हवे. मुंबईत जमीन नाही, असे त्यांना सांगितले जाते. 2001 मध्ये वाटणीतून वगळलेली जमीन मुंबईतच होती.